परत आलेल्या घंटा

“निजलेल्या बाईला हाक मारायची न्हाई, ललिता. पायाचा अंगठा धरायचा, अलगद. ती आपसूक डोळे उघडंपर्यंत धरून ठिवायचा.”

सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी वेणूबाईंचा हा आवाज ललिताच्या कानातून गेला नव्हता. लग्न होऊन वारज्याच्या या घरात ती आली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी सासूबाईंनी तिला देव्हाऱ्यापुढं बसवलं आणि घरची रीत सांगितली. आपली देवी निजलेली आहे, तिला दचकवायचं नाही. पूजेच्या घंटेच्या जिभेला हळदीत बुडवलेलं फडकं बांधायचं आणि दर नवरात्रात ते बदलायचं. घरात कोंबडा पाळायचा नाही. दाराआड लपून कुणाला भॉक करायचं नाही, पोरांनीसुद्धा. आणि निजलेल्याला हाक मारायची नाही.

“आणि दचकली तर?” ललितानं विचारलं होतं. नवी नवरी, हातावरची मेंदी अजून ओली वाटत होती.

“येकटी उठत न्हाई ती,” वेणूबाई वाती वळता वळता म्हणाल्या. “सोबतीला घरातली एक बाई घिऊन जाती.”

ललिता घाबरली नाही. ती देवाधर्माच्या घरातून आली होती, आणि प्रत्येक कुळाचा काहीतरी कुळाचार असतोच. कुणाकडे भोपळा खात नाहीत, कुणाकडे पाळणा विकत आणत नाहीत. यांच्याकडे आवाज करत नाहीत, एवढंच. तिनं पदर सावरला आणि रीत उचलली.

पुढं गावाचं उपनगर झालं. ज्वारीच्या रानावर इमारती उभ्या राहिल्या, त्यातल्या एकीचा सगळ्यात वरचा मजला या घराच्या वाट्याला आला, पण रीत काही बदलली नाही. ललिताच्या दारावर बेल नव्हती. खाली राहणारे लोक हसायचे. एकदा कुणीतरी दाराशेजारी खडूनं लिहून गेलं होतं, ‘येथे शांतता राहते. इतरांनी चौकशी करू नये.’ जयसिंगनं, म्हणजे ललिताच्या नवऱ्यानं, ते वाचलं आणि म्हणाला, “अक्षर बरंय, राहू दे.” ललिता कुकर वापरायची नाही, भात पातेल्यात रटरटायचा. फोन गळा दाबल्यासारखे नुसते थरथरायचे. आणि उत्कर्षाला, त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, जन्मापासून कुणी हाक मारून उठवलं नव्हतं. शाळेच्या दिवसांतसुद्धा आई तिच्या पायथ्याशी येऊन बसायची आणि अंगठा धरायची.

“मम्मी, माझ्या मैत्रिणी अलार्म लावतात,” उत्कर्षा चिडायची. “मला काय बाळ समजतेस?”

“बाळच आहेस. ऊठ.”

ती शिकली, खराडीच्या एका कंपनीत नोकरीला लागली. आणि मागच्या श्रावणात, भर दुपारी, त्या कंपनीत आगीची रंगीत तालीम होती. कुणाला कल्पना दिली नव्हती. भोंगा एकदम डोक्यावर वाजला. सगळे हसत, कुरकुरत जिन्याकडे निघाले आणि उत्कर्षा खुर्चीतून उठता उठता खाली कोसळली. श्वास नाही, नाडी नाही. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं तिची छाती दाबली, भिंतीवरचं यंत्र काढून झटका दिला, म्हणून ती आज होती. कॉलरबोनखाली काड्यापेटीएवढं एक यंत्र बसवलेलं, दिवसातून एक गोळी, आणि डोळ्यांत एक नवीनच सावधपणा.

डॉक्टरांना कारण हवं होतं. नेहमीच्या तपासण्यांत काही सापडेना, म्हणून सगळंच वाचायचं ठरलं. उत्कर्षाचं, जयसिंगचं आणि ललिताचं, तिघांचं रक्त घेतलं. माणसाच्या पेशीत त्याचा जो सबंध मजकूर असतो, तो पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत उलगडून बघतात, असं त्यांना शेफाली नावाच्या मुलीनं समजावलं. ती हॉस्पिटलातली अनुवंश सल्लागार होती. उत्कर्षाहून फार मोठी नसावी, पण बोलताना घाई करत नसे.

निकाल सांगायला तिनं तिघांना समोर बसवलं.

“हृदय प्रत्येक ठोक्यानंतर स्वतःला पुन्हा चार्ज करतं,” ती म्हणाली. “तुमच्या घरात त्याला जरा जास्त वेळ लागतो. एका जनुकात एक बदल आहे. उत्कर्षाला तो वडिलांकडून आलाय. एरवी काही कळतही नाही. पण हृदय असं अर्धवट चार्ज असताना माणूस एकदम दचकला, तर ठोका भरकटतो. या प्रकारात आवाजानं फार होतं हे. अलार्म, फोनची रिंग, दारावरची बेल. विशेषतः झोपेतून उठवणारा आवाज.”

खोलीत एसीची घरघर होती. ललितानं मांडीवर ठेवलेले हात एकमेकांत घट्ट धरले. पाठीमागं कुणीतरी वाती वळत बसलंय असं तिला वाटलं. तिनं मान वळवली नाही.

“मला कधी काही झालं नाही,” जयसिंग म्हणाला. “भोंग्याखाली झोपतो मी.”

“पुरुषांना मोठेपणी धोका कमी असतो. बायकांना जास्त, आणि बाळंतपणानंतरचे काही महिने सगळ्यात जास्त. तरी तुम्हालाही गोळी सुरू करतील डॉक्टर. काका, तुमच्या घराण्यात कुणी तरुण वयात अचानक गेलंय? विशेषतः बायका?”

“आमच्याकडे असलं काही नाही,” जयसिंगनं ठासून सांगितलं. आणि तो खोटं बोलत नव्हता. “माझी एक आत्या लहानपणीच विधवा होऊन परत आली, ती ऐंशी वर्षं जगली. आमच्या घरात.”

“आणि लग्न होऊन गेलेल्या मुली?”

“त्या त्यांच्या घराण्यात. त्यांचं आम्हाला काय माहीत?”

शेफालीनं पेन खाली ठेवलं. “काका, लग्नानं आडनाव बदलतं, हे बदलत नाही. तुमच्या सख्ख्या बहिणीला हा बदल असण्याची शक्यता अर्धी आहे. असला तर तिच्या मुलांनाही अर्धी. त्यांची साधी रक्ततपासणी पुरेल आता, काय शोधायचं ते आपल्याला कळलंय. पण आम्ही त्यांना फोन नाही करू शकत. ते घरच्यांनीच सांगायला लागतं.”

जयसिंग उठला. “बघू,” म्हणाला.

घरी आल्यावर ललितानं पाण्याचा पेला त्याच्यापुढं ठेवला आणि हळूच म्हणाली, “अहो, शकूताईंना कळवायला हवं.”

“कोण शकूताई?”

“असं काय करता? सख्खी बहीण ना तुमची? त्यांची ऋतुजा बाळंतीण आहे. पहिलटकरीण, माहेरी आलेली. त्या पोरीनं काय केलंय आपलं?”

“तिच्या आईनं भावाला कोर्टात उभं केलंय. हक्कसोडीवर सही कर म्हटलं तर वकील धाडला. आता मी जाऊन सांगू, बाई गं, बापाच्या जमिनीत वाटा मागतेस, हा घे, बापाच्या रक्तातलाही घे?” तो पाणी न पिताच उठला. मग दारात थांबून, आवाज उतरवून म्हणाला, “आणि उत्कर्षाचं लग्न व्हायचंय. घराण्यात दोष आहे म्हणून दवंडी पिटायचीय का? तू जायचं नाहीस. शपथ आहे माझी.”

ललितानं तो भरलेला पेला उचलून आत नेला. नवऱ्याची शपथ मोडणारी बाई ती नव्हती. पण त्या शपथेच्या आधी तिनं दुसरं एक वचन देऊन ठेवलं होतं, आणि ते तिला आता बसू देईना.

या घराची एक रीत अशी होती, की लेक सासरी निघाली की तिच्या ओटीत एक नवी पितळी घंटा घालायची. घंटेवर लेकीचं नाव ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं असायचं. उंबऱ्यात उभं राहून आई ती एकदाच खणखणीत वाजवायची आणि म्हणायची, “आपल्या देवीचं दावं सुटलं. जा, आता तुझ्या घरी वाजीव.” लेक परक्या कुळाची झाली, तिचं दैवत बदललं, आता तिला माहेरच्या निजलेल्या देवीची भीती नाही. ती मोकळी. शकूच्या पाठवणीला ललिता तिथंच उभी होती. त्या घरात तिनं ऐकलेला तेवढाच एक घंटानाद. शकू रडता रडता हसली होती. विश्रांतवाडीला सासरी गेल्यावर रोज सकाळी ती घंटा इतकी जोरात वाजवायची, की पाव्हणे, म्हणजे तिचे यजमान, म्हणायचे, “ही आरती देवासाठी आहे की पार आळंदीला ऐकू जायला?”

रीतच होती ती. येणाऱ्या सुनांना मौन शिकवायचं आणि जाणाऱ्या लेकींना घंटा द्यायची. ज्यांच्या अंगात या घराचं रक्तच नाही, त्या सुना जन्मभर दबकत चालल्या. आणि ज्यांच्या अंगात होतं, त्यांना या घरानं हौसेनं, वाजतगाजत, मोकळं सोडलं.

लेक सासरी वारली तर तिची घंटा माहेरी परत यायची, हेही ललितानं ऐकलं होतं. पाहिली मात्र कधी नव्हती. फक्त वेणूबाईंचं शेवटचं आजारपण तिला आठवत होतं. त्या फार बोलत नव्हत्या. एका संध्याकाळी त्यांनी ललिताचं मनगट धरलं होतं. “तीन परत आल्यात. शकूची यिऊ दिऊ नको. वचन दे.”

मरणाऱ्या माणसाला नाही कोण म्हणतं? आईचा जीव, लेकीला आयुष्य मागतोय, असं समजून ललिता हो म्हणाली होती. आणि हो म्हटलं ते तिनं आपल्या परीनं पाळलंही. तेव्हापासून दर शुक्रवारी ती शकूच्या नावानं उपास करायची, दिवेलागणीला गूळ-फुटाण्यांचा नैवेद्य दाखवून सोडायची. भाऊ-बहिणीचं बोलणं बंद झालं, येणंजाणं तुटलं, तरी उपास चुकला नाही. जयसिंगला वाटायचं, बायको कुटुंबाच्या बरकतीसाठी करते.

शेफालीकडून आल्यानंतरचा तो शुक्रवारच होता. जयसिंग वकिलाकडे गेला होता. उत्कर्षा जेवून, गोळी घेऊन आडवी झाली होती. दुपारचं ऊन फरशीवर स्वच्छ पसरलं होतं. ललितानं स्टूल लावलं आणि पोटमाळ्यावर चढली. जुनं घर पाडलं तेव्हाचं सामान तिथं होतं, तांब्याचा हंडा, जातं, सासूबाईंची ट्रंक. वचन ज्याचं दिलं ते आपण एकदा बघावं, एवढंच तिच्या मनात होतं.

घंटा हंड्यात होत्या, वेणूबाईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेल्या. गाठ सोडताना तिनं श्वास धरला होता, पण आवाज झाला नाही. प्रत्येकीच्या जिभेला फडकं बांधलेलं होतं, हळद काळी पडलेली. पहिलीवर ‘गोदावरी’. ती जयसिंगच्या आजोबांची बहीण. पहाटे कुणीतरी दार ठोठावलं आणि ती उठलीच नाही, असं म्हणत. सासरच्यांनी मारलं असंही म्हणत. दुसरीवर ‘चंद्रभागा’. ती बाळंतिणीच्या खोलीत गेली. बाळ रडायला लागलं आणि आई रडायची थांबली, असं म्हातारी माणसं सांगायची. तिसरीवर ‘अनसूया’, जयसिंगची थोरली आत्या. तिच्या मुलानं फटाका लावला होता.

शेफालीनं वंशावळीच्या कागदावर घरातल्या बायकांसाठी नुसती वर्तुळं काढून रिकामी सोडली होती. ती वर्तुळं इथं होती, पितळेची. प्रत्येक बाई वेगळ्या गावात गेली, वेगळ्या आडनावानं गेली, प्रत्येक ठिकाणी वेगळा दोष कुणाच्या तरी माथी बसला. आणि प्रत्येक वेळी या घरानं घंटा परत घेतली, तिची जीभ बांधली आणि पुढच्या लेकीसाठी नवी करायला टाकली.

लुगड्याच्या तळाशी अजून काहीतरी होतं.

चौथी घंटा. नवी कोरी, पितळ अजून पिवळंधमक. तिनं ती उजेडाकडं धरली. ठिपक्यांत नाव होतं, ‘चि. उत्कर्षा’.

नात जन्मली तेव्हाच वेणूबाईंनी करून ठेवली असणार, रीतीप्रमाणं. ललितानं ती उलटी केली. आत फडकं नव्हतं, आणि जीभही नव्हती. ती मुळापासून काढून टाकलेली होती. कडीजवळ पकडीचे ओरखडे होते, म्हाताऱ्या हातानं घाईनं काढल्यासारखे.

म्हणजे सासूबाईंना उमगलं होतं. कुणी शिकवलं नसताना, कुठलं रक्त न तपासता. उमगलं, पण शकूला एकदा देऊन वाजवलेली घंटा परत मागायची कुठल्या तोंडानं? देवीच्या रीतीवर बोट कसं ठेवायचं? मग त्यांनी सुनेचं मनगट धरलं.

ललिता तशीच उकिडवी बसून राहिली. घंटा तिच्या तळहातात होती. आणि मग तिला ती हाताला लागली, कानाला नाही. एक बारीक थरथर, घंटा वाजून गेल्यावर पितळात मागं राहते तशी. जीभ नसलेली घंटा. तिनं ती दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरली, तरी ती थांबायला वेळ लागला.

“मम्मी?”

खालून उत्कर्षाचा आवाज आला. झोपेतून उठलेला, पण शांत.

ललिता लगबगीनं खाली उतरली. उत्कर्षा पलंगावर बसली होती, पाय पोटाशी घेऊन.

“तू आत्ता आली होतीस का इथं?”

“नाही गं. माळ्यावर होते मी.”

“मग माझा अंगठा कुणी धरला?”

ललिता पलंगाच्या कडेवर टेकली.

“मला वाटलं तूच. किती वेळ धरून ठेवला होता. हात गार होता, आणि…” उत्कर्षानं नाकाजवळ बोटं नेली. “हळदीचा वास होता. मी डोळे उघडले तर कुणीच नाही.” तिनं पायाकडं पाहिलं. उजव्या अंगठ्याच्या नखाशी, बारीक, पिवळं काहीतरी लागलेलं होतं. “मम्मी, मला भीती नाही वाटली. हेच विचित्र आहे ना?”

ललितानं पदराचं टोक घेतलं, पुसायला म्हणून पुढं केलं आणि मागं घेतलं. राहू दे, तिला वाटलं. सासूबाई उठवायला आल्या होत्या, पण लेकीला नाही. लेक तर जागीच होती आता, गोळी होती, यंत्र होतं. सुनेला उठवायला आल्या होत्या त्या. उपास करून निजली होती ती, इतकी वर्षं.

तिनं फोन हातात घेतला. शकूचा नंबर अजून होता. बोट त्यावर टेकणार तोच तिनं हात आखडला. दुपारची वेळ. शकू जेवून लवंडली असेल. मोबाइल उशाशी, आणि रिंगटोन म्हणून ढोलताशा लावलेला, गणपतीपासून बदलला नव्हता म्हणे. पलीकडं ऋतुजा बाळाला घेऊन निजलेली. ललितानं फोन पालथा ठेवला, जसं काही तो आपणहून वाजेल.

“मेसेज कर ना आत्याला,” उत्कर्षा म्हणाली. तिला आईचा चेहरा वाचता येत होता.

“त्याचाही टिंग करून आवाज होतो. आणि असल्या गोष्टी लिहून कळवतात का? समोर बसून सांगायच्या असतात, हात धरून.”

“पप्पांनी शपथ घातलीय.”

“हो,” ललिता म्हणाली. ती देव्हाऱ्यापुढं गेली. निजलेल्या देवीच्या टाकापुढं तिनं हात जोडले आणि मनातल्या मनात म्हणाली, आई, त्यांच्या शपथेचं जे काही व्हायचं ते मला होऊ दे, त्यांना नको. मग तिनं नव्या खणाचा एक काठ फाडला, हळदीच्या पाण्यात बुडवला आणि पिळून रुमालात बांधला. पिशवीत नारळ, तांदूळ आणि उरलेला खण घातला. नणंदेकडं रिकाम्या हातानं जायचं नसतं. निकालाची एक प्रत घातली, आणि शेफालीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी.

ती चप्पल घालायला वळली, तर दारात जयसिंग उभा. कधी आला कळलंच नाही. या घरात कुणाचंच येणं कळत नसे.

त्यानं पिशवीतून डोकावणारा खण पाहिला. माळ्याखालचं स्टूल पाहिलं. मग जेवणाच्या टेबलाकडं पाहिलं, जिथं ललितानं माळ्यावरून आणलेल्या घंटा ओळीनं मांडून ठेवल्या होत्या. तो जवळ गेला. अनसूयाच्या घंटेवरून त्यानं बोट फिरवलं. या आत्यानं त्याला खांद्यावर घेऊन बैल दाखवले होते, ते तो कधीतरी सांगायचा. चौथ्या घंटेपाशी त्याचं बोट थांबलं. बराच वेळ तो ते नाव वाचत राहिला, जसं त्याला वाचताच येत नसावं.

ललिता थांबली होती. तो म्हणाला असता तर ती थांबलीही असती, घटकाभर.

जयसिंग खुर्चीत बसला. तिच्याकडं न बघता म्हणाला, “तिच्याकडं दारावर बेल आहे. चिमण्या चिवचिवतात तसली. कर्कश.”

“नाही वाजवणार.”

“मग आत जाशील कशी?”

“पायरीवर बसेन. कधीतरी कुणीतरी दार उघडेलच.”

“संध्याकाळ होईल.”

“होऊ दे. उपास तिथंच सोडेन.”

ललितानं उत्कर्षाच्या डोक्यावरून हात फिरवला, चपला उचलून हातात घेतल्या आणि अनवाणीच दाराबाहेर आली. दार तिनं बोटांनी दाबून, आवाज न होऊ देता ओढून घेतलं. जिन्यात थंडावा होता. ती भिंतीला धरून एकेक पायरी उतरू लागली, पाऊल अलगद टेकवत, कुणाचा तरी अंगठा धरल्यासारखं.